संशय वगळलेली गोष्ट

एवढेसे मुंगूस, समोर पाच फुटी नाग, आणि शेवटी जिंकते मुंगूसच. रुडयार्ड किपलिंगची ‘रिक्की-टिक्की-टावी’ ही कथा १८९३ मध्ये मासिकातून आणि पुढच्याच वर्षी ‘द जंगल बुक’ या संग्रहातून छापून आली. तेव्हापासून बहुतेक जण तिचे सार एका वाक्यात सांगतात: चण लहान असली म्हणून छाती लहान असते असे नाही. अलीकडे या मतावर दुसरे, अधिक अभ्यासू मत येऊन बसले आहे. त्यानुसार ही साम्राज्याची रूपककथा आहे. बंगला साहेबाचा, बाग साहेबाची; नाग-नागीण म्हणजे साहेबाच्या जिवावर उठलेले एतद्देशीय आणि मुंगूस म्हणजे साहेबाच्या मिठाला जागणारा एतद्देशीय. या निदानातून उपायही ओघानेच निघतो. साहेबाचे कुटुंब काढून तिथे भारतीय कुटुंब ठेवा, की गोष्टीला लागलेला डाग गेला.

पहिले मत उथळ आहे हे दाखवायला फार श्रम पडत नाहीत. शौर्याच्या कुठल्याही गोष्टीला ते लागू पडते, म्हणून या गोष्टीबद्दल ते काहीच सांगत नाही. दुसऱ्या मताचे तसे नाही. ते बरेचसे खरे आहे आणि तरीही उथळ आहे, कारण ते पात्रांच्या वर्णापाशी थांबते. माझे म्हणणे असे की पाळलेले मुंगूस, पाळण्यातले बाळ आणि घरात शिरलेला साप यांची गोष्ट भारतात सुमारे दीड हजार वर्षे तरी सांगितली जात आहे, आणि त्या गोष्टीत कसोटी माणसाची आहे. किपलिंगने ती कसोटी मुंगसावर टाकली आणि माणसाला प्रेक्षकाच्या खुर्चीत बसवले. कथेतला मोठा उलटफेर हा आहे. ज्या रूपांतरकारांच्या तो ध्यानात आला नाही, त्यांनी कुटुंबाचा पोशाख बदलला. गोष्ट होती तिथेच राहिली.

जुन्या गोष्टीत आरोपी कोण?

पंचतंत्राच्या पाचव्या तंत्राचे नावच ‘अपरीक्षितकारक’ आहे. नीट पारख न करता हात उचलणाऱ्यांच्या गोष्टी त्यात आहेत, आणि मुंगसाची गोष्ट त्यांतलीच. पूर्णभद्र या जैन मुनीने ११९९ मध्ये सिद्ध केलेल्या पाठात ब्राह्मणाची बायको मुंगसाला पोटच्या मुलासारखे वाढवते, पण त्याच्यावर भरवसा मात्र ठेवत नाही. जनावराची जात, कधी उलटेल सांगता येत नाही, ही धास्ती तिच्या मनात असतेच. पाण्याला जाताना ती नवऱ्याला बाळाकडे लक्ष ठेवायला सांगते, नवरा भिक्षेला निघून जातो, आणि मधल्या वेळात मुंगूस सापाला मारते. तोंडाला रक्त लागलेले मुंगूस आनंदाने तिला सामोरे येते. ती भरलेली घागर त्याच्या अंगावर टाकते. नारायणपंडिताच्या हितोपदेशात हीच चूक नवऱ्याच्या पदरात पडते. उज्जयिनीच्या माधव नावाच्या ब्राह्मणाला राजाकडून श्राद्धाचे बोलावणे येते. उशीर केला तर दक्षिणा दुसरा कुणी घेऊन जाईल, या घाईत तो बाळाला मुंगसाच्या भरवशावर ठेवून जातो आणि परत आल्यावर त्याच मुंगसाचा जीव घेतो.

चूक घडायला तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. घटना घडते तेव्हा माणूस तिथे नसतो. मागे उरलेली खूण दुहेरी असते. तोंडावरचे रक्त सापाचेही असू शकते आणि बाळाचेही. आणि ज्याला खरे काय ते माहीत आहे त्याला बोलता येत नाही. यांतली एक जरी काढली तरी गोष्ट उभी राहत नाही. ऐकणाऱ्याला सत्य आधीच ठाऊक असते, त्यामुळे मुंगूस जिंकेल की नाही ही त्याची काळजीच नसते. साप तर एखाद-दुसऱ्या वाक्यात मरतो. काळजी असते ती एवढीच, की हा माणूस हात उचलण्याआधी आत जाऊन पाहील का?

हेच तीन घटक गोष्टीचा कणा आहेत याचा पुरावा तिच्या प्रवासातून मिळतो. सहाव्या शतकात बुर्झोयने इराणात नेलेल्या आणि आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने अरबीत आणलेल्या ‘कलीला व दिम्ना’मध्ये ब्राह्मणाच्या जागी तपस्वी येतो आणि मुंगसाच्या जागी त्याच्यासारखाच दिसणारा वीझल. पुढे युरोपात त्या प्राण्याचा कुत्रा होतो. वेल्समधल्या बेडगेलर्ट गावात लेवेलिन राजाच्या गेलर्ट या कुत्र्याची समाधी आजही दाखवतात. ती अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या एका खाणावळवाल्याने प्रवासी यावेत म्हणून रचली असे मानले जाते. (धंदा चांगला चालला असावा.) फ्रान्समध्ये ल्योंजवळच्या खेडुतांनी तर बाळाला वाचवून मालकाच्या हातून मेलेल्या गिनफोर नावाच्या कुत्र्याला संतपद दिले आणि आपली आजारी मुले त्याच्या जागेवर नेऊ लागले. तेराव्या शतकात एतियेन द बूर्बों या धर्मगुरूला हे कळले तेव्हा त्याने कुत्र्याची हाडे उकरून जाळायला लावली. प्राणी बदलला, धर्म बदलला, भिक्षुकाचा सरदार झाला. घाईने उचललेला हात मात्र कुणी वगळला नाही. ते धाडस किपलिंगचे.

आईची शंका आणि बापाचा निर्वाळा

किपलिंगची कथा सुगौलीच्या छावणीतल्या बंगल्यात घडते. हे गाव बिहारच्या चंपारण भागातले, नेपाळशी १८१६ मध्ये पक्क्या झालेल्या तहामुळे इतिहासात आलेले. कथा लिहिली गेली तेव्हा मुंबईत जन्मलेला किपलिंग अमेरिकेत, व्हरमाँट संस्थानातल्या थंडीत राहत होता. उन्हाळी पुराच्या पाण्याने बिळातून वाहून आलेले मुंगसाचे पिल्लू, रिक्की, टेडी नावाच्या इंग्रज मुलाच्या घरी येते, तिथे ते कापसात गुंडाळून शेकले जाते आणि रात्री टेडीच्याच उशाशी झोपते. इथे टेडीची आई नवऱ्याला म्हणते की हे मला बरे वाटत नाही, हा मुलाला चावेल. जुन्या गोष्टीतल्या ब्राह्मणीची धास्ती ती हीच. पण बाप तिथल्या तिथे सांगतो की शिकारी कुत्रा राखणीला ठेवण्यापेक्षा हे मुंगूस मुलाजवळ असलेले अधिक सुरक्षित. आई गप्प होते आणि शंका पुन्हा डोके वर काढत नाही. ज्या शंकेवर अख्खी गोष्ट उभी राहिली होती, ती इथे दोन वाक्यांत निकालात निघते. निकाल देतो घरचा कर्ता पुरुष, आणि तो पहिल्यापासून बरोबर असतो.

यानंतर तीन झुंजी होतात, आणि तिन्ही वेळा माणसे हजर असतात. बागेत मण्यार टेडीच्या समोर येते. टेडी ओरडून घरच्यांना बोलावतो आणि रिक्की तिला मारतो. रात्री न्हाणीघराच्या मोरीतून आत आलेला नाग रांजणाभोवती वेटोळे घालून बसतो. रिक्की त्याच्या डोक्याला दात रोवून लोंबकळत असताना बाप दुनळी बंदूक घेऊन येतो आणि दोन्ही गोळ्या नागाच्या फण्यामागे झाडतो. सकाळी व्हरांड्यात न्याहारीच्या वेळी नागीण टेडीच्या पायापाशी फणा काढून उभी राहते, तेव्हा आई, बाप, मुलगा तिघेही तिथेच बसलेले असतात. गैरहजेरी नाही, म्हणून दुहेरी खूण नाही, म्हणून गैरसमज नाही. जुन्या गोष्टीचे खिळे असे एकामागून एक उपटले जातात.

यातला मण्यारीचा प्रसंग विशेष पाहण्यासारखा आहे. टेडीचा बाप काठी घेऊन धावत येतो खरा, पण तोवर मण्यार मेलेली असते. तो त्या मेलेल्या मण्यारीलाच बडवत राहतो, आणि रिक्की मनात म्हणतो की आता याचा काय उपयोग, मी तर सगळे उरकले आहे. विनोद छान साधला आहे. पण पंचतंत्र ज्याने ऐकले आहे त्याला तो जरा वेगळा ऐकू येईल. उशिरा पोचलेला, काय घडले ते न पाहता हातातले हत्यार चालवणारा माणूस इथेही आहे. फरक इतकाच की त्याचा फटका निरुपद्रवी जागी पडतो, आणि लेखक त्याला हसून सोडून देतो.

घाई कोणाच्या वाट्याला आली

मग घाईने निष्कर्ष काढण्याचा तो जुना दोष कथेतून पूर्ण नाहीसा झाला का? तसे नाही. तो एका पक्ष्याच्या अंगी आला आहे. बागेतला दर्झी, म्हणजे शिंपी पक्षी, नाग मेल्याचे कळताच विजयगीत गाऊ लागतो, नागीण आणि तिची अंडी शिल्लक आहेत याचे त्याला भान नसते. रिक्की नागिणीमागे बिळात शिरला की तोच दर्झी लगेच मृत्युगीत सुरू करतो, आणि रिक्की तर जिवंत असतो. दोनदा घाईने बोलतो, दोनदा चुकतो, आणि दोन्ही वेळा त्याचे काही बिघडत नाही, कारण त्याच्या हातात घागरही नाही आणि काठीही नाही. अपरीक्षितकारक माणूस किपलिंगच्या हातात बडबडे पाखरू झाला. चुकीची निंदा कायम राहिली. तिची किंमत मात्र कुणाला मोजावी लागत नाही.

कथेतली एकच झुंज अशी आहे की जिला मानवी साक्षीदार नाही: बिळातली शेवटची. किपलिंग त्या बिळात वाचकालाही नेत नाही. आपण दर्झीबरोबर बाहेर थांबतो, बिळाच्या तोंडावरचे गवत हलायचे थांबते. मग धुळीने माखलेला रिक्की मिशा चाटत, एकेक पाय ओढत बाहेर येतो. हा क्षण ब्राह्मणाच्या दारातल्या क्षणाचा सख्खा भाऊ आहे: आत काय झाले कुणी पाहिलेले नाही, मुंगूस बाहेर आले आहे, आणि त्याच्या तोंडावर काहीतरी आहे. किपलिंग इथवर येतो आणि तिथून तडक बाजूला वळतो. रिक्की स्वतः जाहीर करतो की नागीण आता परत येणार नाही, आणि तांबट पक्ष्याला ही बातमी साऱ्या बागेला सांगायला लावतो. मुक्या साक्षीदाराला वाचा दिल्यावर संशयाला जागा उरत नाही. एवढ्या सफाईने केलेली ही गोष्ट योगायोगाने झाली असेल असे मला वाटत नाही, पण योगायोगाने झाली असली तरी तिचा परिणाम तोच.

सुगौलीच्या छावणीत १८५७ साली

आता या फेरफाराचा साम्राज्याशी काय संबंध, ते पाहू. तो शोधायला मुंगसाच्या रंगाकडे पाहायची गरज नाही. कथेत दिलेले गावाचे नाव पुरेसे आहे. १८५७ च्या जुलैमध्ये सुगौलीच्याच छावणीत मेजर होम्स हा घोडदळाचा अधिकारी आणि त्याची बायको यांना त्याच्याच पलटणीतल्या स्वारांनी ठार केले. होम्सचा आपल्या माणसांवर मोठा विश्वास होता. त्या उठावानंतर हिंदुस्थानात राहिलेल्या प्रत्येक इंग्रज कुटुंबापुढे रोजचा प्रश्न हाच असणार: दाराशी झोपणारा हा नोकर आपला की परका? जुन्या गोष्टीत माणूस नको तिथे संशय घेऊन चुकला होता. सुगौलीत नको तिथे विश्वास टाकून चुकला. दोन्हीकडे माणूस चुकू शकतो, हे गृहीत आहे.

किपलिंगच्या बंगल्यात ती शक्यताच नाही. टेडीचा बाप मुंगसाला घरात आणल्या दिवशीच त्याची निष्ठा ओळखतो. कथेत असेही येते की रिक्कीची आई पूर्वी सुगौलीतच एका जनरलच्या बंगल्यात राहायची आणि गोरी माणसे भेटली तर कसे वागायचे हे तिने त्याला शिकवून ठेवले होते. कुठल्याही चांगल्या वळणाच्या मुंगसाला कधी ना कधी घरातले मुंगूस व्हायचे असते. रूपककथेचे अभ्यासक या वाक्यावर बोट ठेवतात ते योग्यच आहे. पण निष्ठावान चाकराचे कौतुक प्रत्येक राजवटीच्या साहित्यात सापडते. त्याहून खोल सुख राज्यकर्त्याला दुसऱ्याच गोष्टीत मिळते, ते म्हणजे आपला माणूस पारखण्यात आपण कधीच चुकत नाही या खात्रीत. ही कथा ती खात्री देते, आणि म्हणून मला ती रूपककथावाद्यांना वाटते त्याहून अधिक साम्राज्यवादी वाटते.

नागाचा न ऐकलेला सवाल

संशय काढून टाकल्याची दुसरी किंमत नागांना मोजावी लागते. दर्झीचे एक पिल्लू घरट्यातून पडले आणि नागाने ते खाल्ले, यावरून पहिली वादावादी होते. घरट्यातून पडलेली पिल्ले खाणे बरोबर आहे का, असे रिक्की विचारतो. नाग उलट विचारतो, तू अंडी खातोस, मग मी पक्षी का खाऊ नयेत? सवाल चोख आहे, आणि त्याला उत्तर मिळतच नाही. त्याच क्षणी दर्झी ‘मागे बघ’ म्हणून ओरडतो, कारण मागून नागीण आलेली असते, आणि वाद तिथेच संपतो. नागाला बोलण्यात गुंतवून मागून हल्ला करायचा असतो हे खरे. पण लबाडाने विचारला म्हणून सवाल खोटा ठरत नाही. मुंगूस खरोखरच जमिनीवरच्या आणि आवाक्यातल्या घरट्यांतली अंडी-पिल्ले खाते. दर्झीने त्याच्या शेजारात निर्धास्त राहणे हे निसर्गाच्या हिशेबात बसत नाही.

हा हिशेब किपलिंगच्या काळात गुपित नव्हता. उसाच्या मळ्यातले उंदीर मारायला १८७२ मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगसे जमैकात नेऊन सोडली गेली, तिथून ती इतर बेटांवर पसरली आणि १८८३ मध्ये हवाईलाही पोचली. उंदीर तर संपले नाहीतच. जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि सरडे यांच्यावर मात्र संक्रांत आली. ‘उपयोगी प्राणी’ हे बिरूद लावून पारख न करता केलेली ही कृती पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात शोभली असती.

मग अंड्यांचा प्रसंग. खरबुजाच्या वाफ्यात नागिणीची पंचवीस अंडी आहेत. नागाच्या जोडप्याला माणसांना मारायचे आहे ते एवढ्यासाठी की घर ओस पडले तर मुंगूस निघून जाईल आणि पिल्लांना मोकळी जागा मिळेल. रिक्की एक सोडून सगळी अंडी फोडतो, आणि ते उरलेले एक ओलीस धरून नागिणीला टेडीपासून दूर खेचतो. डावपेच म्हणून हे अप्रतिम आहे. पण आपल्या पिल्लांसाठी जागा मागणाऱ्या आईबापांची बाजू कथेत मांडलेली असूनही एकही पात्र तिच्यापाशी क्षणभर थबकत नाही. वाचकही थबकत नाही. कथेतल्या माणसांकडून पारख करण्याची जबाबदारी काढून घेतली, ती वाचकाकडेही आली नाही.

दोन कुटुंबे, एकच चित्रपट

कथेच्या पडद्यावरच्या रूपांतरांकडे आता वळता येईल. रशियात ही कथा कोर्नेई चुकोव्स्की यांच्या अनुवादामुळे घरोघरी पोचलेली होती. सोयुझमुल्तफिल्म या मॉस्कोच्या स्टुडिओत अलेक्सांद्रा स्नेझ्को-ब्लोत्स्काया यांनी १९६५ मध्ये तिच्यावर अॅनिमेशनपट केला आणि त्यात इंग्रज कुटुंबाच्या जागी भारतीय कुटुंब आणले. ‘हिंदी-रूसी भाई-भाई’चे ते दिवस, साहेबाच्या लेकराला वाचवणारा नायक मॉस्कोला परवडला नसता. अमेरिकेत चक जोन्स यांनी १९७५ च्या जानेवारीत दूरचित्रवाणीसाठी अर्ध्या तासाचा अॅनिमेशनपट केला. निवेदन ऑर्सन वेल्स यांचे, कुटुंब इंग्रजच, आणि मूळ कथेला बरेच धरून. पाठोपाठ, सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, निसर्गपटांसाठी प्रसिद्ध असलेले अलेक्सांद्र झ्गुरिदी यांनी खरे प्राणी आणि अलेक्सेई बतालोव यांच्यासारखे नट घेऊन सोव्हिएत-भारतीय सहनिर्मिती केली. गंमत म्हणजे तिच्यात कुटुंब पुन्हा इंग्रज झाले.

रूपककथावाद्यांना याहून चांगली चाचणी मिळणार नाही. एकाच देशाच्या चित्रपटसृष्टीने दहा-अकरा वर्षांच्या अंतराने एकदा भारतीय कुटुंब घेऊन आणि एकदा इंग्रज कुटुंब घेऊन हीच कथा सांगितली, आणि दोन्ही वेळा सांगाडा तसाच उभा राहिला. घर सुखवस्तू, धोका बाहेरून येणारा, मुंगूस कर्तबगार, माणसे कृतज्ञ. वर्णाचा मुद्दा कथेच्या मुळाशी असता तर तो काढल्यावर काहीतरी हलले असते, निदान एखादा प्रसंग तरी नव्याने लिहावा लागला असता. तसे झाले नाही. उलट भारतीय कुटुंब आल्यामुळे एक विचित्र गोष्ट घडली: ज्या भूमीत माणूस मुंगसाला मारून पस्तावतो अशी गोष्ट शतकानुशतके सांगितली गेली, तिथल्या माणसांना किपलिंगच्या बापाची अचूकता बहाल झाली.

आणखी एक गोष्ट वेशभूषा बदलणाऱ्यांच्या नजरेतून निसटते. पंचतंत्रातले घर गरीब आहे. बाई पाण्याला जाते कारण पाणी भरायला दुसरे कुणी नाही. नवरा भिक्षेला जातो कारण घरात दाणा नाही. बाळ एकटे पडते ते दारिद्र्यामुळे, आणि बायको शेवटी नवऱ्याच्या हावेला बोल लावते तेव्हा तोच धागा पुढे आलेला असतो. टेडीच्या घरात आई-बाप कायम हाकेच्या अंतरावर असतात. ज्याला घर सोडून जावे लागत नाही त्याच्यावर पारख न करता निकाल द्यायची वेळच येत नाही.

आक्षेप

पहिला आक्षेप पुराव्याचा असेल: किपलिंगने पंचतंत्रावरूनच ही कथा रचली हे सिद्ध करता येईल का? माझ्या युक्तिवादाला त्याची गरज नाही. त्याच तीन पात्रांच्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एकीत काय आहे आणि दुसरीत काय नाही हे दिसते. उधारी सिद्ध झाली काय, न झाली काय, फरक कायम राहतो.

दुसरा आक्षेप अधिक ऐकू येतो. ही मुलांची कथा आहे, आणि निरपराध मुंगूस शेवटी मारले जाते हे मुलांना सोसणार नाही. हा आक्षेप घेणाऱ्यांनी आपल्याच घरातल्या आज्या आठवाव्यात. ब्राह्मण आणि मुंगसाची गोष्ट मराठी मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकली आहे, पाठ्यपुस्तकांत आणि गोष्टींच्या पुस्तकांत वाचली आहे. ती ऐकून मूल रडते हे खरे. पण पंचवीस अंड्यांचा नाश ज्या कथेत टाळ्या घेतो, तिला सौम्य म्हणायचे आणि एका चुकीचा पश्चात्ताप दाखवणारीला क्रूर, हा न्याय मला कळत नाही.

तिसरा आक्षेप असा की गोष्टीतला थरार सोडून तुम्ही तिची चिरफाड करता. थरार मी नाकारत नाही. अंधाऱ्या न्हाणीघरात नागाच्या डोक्याला चिकटून आपटला जाणारा रिक्की, भिंतीच्या कडेकडेने पुटपुटत फिरणारी आणि खोलीच्या मध्यभागी यायचा धीर न होणारी चिचुंद्री, ही चित्रे कमालीची आहेत. निरीक्षणही पक्के आहे. मुंगूस साप चावल्यावर कुठलीशी मुळी खाऊन विष उतरवते हा समज आपल्याकडे अजूनही आहे. किपलिंगने तो कथेतच खोडून काढला आणि जय नजरेच्या व पायांच्या चपळाईचा असतो असे लिहिले. (मुंगसाच्या स्नायूंवरच्या ग्राही प्रथिनांना नागाचे विष नीट चिकटत नाही, हे पुढे संशोधकांनी दाखवले, पण अख्खा डंख पचवण्याइतके ते अभेद्य नाही.) कसब मोठे आहे, म्हणूनच ते कशासाठी वापरले हे विचारावेसे वाटते.

चौथा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. पंचतंत्र तरी मुंगसाचे कुठे आहे? तिथे मुंगसाला नाव नाही, मन नाही. ते मरते ते राजपुत्रांना नीती शिकवण्यासाठी. शोक होतो तोही मारणाऱ्याचा. पूर्णभद्राच्या पाठात दोषाचे खापर बाईवर फुटते, हेही डोळ्यांआड करता येत नाही. हे सगळे मान्य. मुंगसाला नाव, कुतूहल, खोड्या आणि स्वतःचे मत किपलिंगने दिले. दौतीत नाक घालून पाहणारा, खुर्चीवर चढून साहेबाच्या मांडीवर बसून कसे लिहितात ते बघणारा रिक्की संस्कृत कथाकारांना सुचला नसता. दोन परंपरांनी मिळून एक पूर्ण गोष्ट घडवली असती, पण प्रत्येकीने अर्धीच ठेवली: एकीने माणसाची चूक ठेवली आणि मुंगसाला मुके केले, दुसरीने मुंगसाला बोलते केले आणि माणसाची चूक काढून टाकली.

म्हणून नव्या रूपांतरकाराने कुटुंब कुठल्या देशाचे हा प्रश्न शेवटी घ्यावा. आधी टेडीच्या आईची शंका खरी मानावी. बापाला एका रात्रीसाठी तरी दौऱ्यावर पाठवावे. बिळातल्या झुंजीनंतर तांबटाला गप्प ठेवावे, आणि ज्याचे विचार आपण सुरुवातीपासून ऐकत आलो त्या रिक्कीला, मिशांवर रक्त असताना, टेडीच्या रिकाम्या खाटेजवळ आईच्या समोर उभे करावे. तिच्या हातात काठी असेल. काय झाले हे रिक्कीला सांगायचे असेल, प्रेक्षकाला ते ऐकूही येत असेल, आणि तिला मात्र त्यातला एक शब्दही कळत नसेल.